मिस्त्रीचा कान आणि बॅटरीची गाडी

गाडी बंद पडली की बॉनेट उघडायचे आणि बॉनेट उघडले की चार माणसांनी भोवती जमायचे, हा आपल्याकडचा जुना रिवाज. चौघांपैकी एकाला खरोखर काही कळत असते, दोघांना आपल्याला कळते असे वाटत असते आणि चौथा नुसत्या हौसेने उभा असतो. विजेवरच्या मोटारीने हा रिवाज मोडला. तिचे बॉनेट उघडले तर आत प्लास्टिकचे झाकण, जाड नारिंगी वायरी आणि हात लावू नका असे बजावणारी विजेची खूण. काही गाड्यांत तर तिथे चक्क सामान ठेवायचा कप्पा. ज्यांचा गाड्यांवर जीव आहे त्यांची कुरकुर इथूनच सुरू होते. आवाज नाही, गिअर नाही, वास नाही, उघडून बघायला काही नाही. मग गाडीत राहिले काय?

ही कुरकुर हसण्यावारी नेण्यासारखी नाही. गोंदियासारख्या जिल्ह्यात गाडीची हौस कधीच केवळ पैसेवाल्यांची नव्हती. सालेकसा, देवरी, अर्जुनी मोरगावकडच्या गावांत एसटी दिवसातून मोजक्या वेळा येई, तेव्हा राजदूत, येझदी, लुना आणि बजाज चेतक यांनी माणसांना बाजाराला, दवाखान्यात आणि मंडईच्या रात्री नाटकाला पोहोचवले. सकाळी चेतक सुरू होत नसेल तर ती एका अंगाला कलती करायची, म्हणजे पेट्रोल कार्बुरेटरपर्यंत उतरते आणि पुढची किक लागते, ही युक्ती कुणी पुस्तकात वाचली नव्हती. घरातल्या मोठ्याकडून ती लहानाकडे येत असे. विज्ञानाचा पहिला धडा अनेकांनी शाळेत नव्हे, अंगणात उभ्या असलेल्या स्कूटरशेजारी बसून घेतला.

या गाड्या चालत्या ठेवल्या त्या मिस्त्रीने. चांगला मिस्त्री गाडी खोलण्याआधी ऐकतो. रेस दिल्यावर होणारी टकटक टॅपेटची की बेअरिंगची, धुराचा रंग निळसर आहे की काळा, म्हणजे ऑइल जळते आहे की पेट्रोल जास्त जाते आहे, हे तो पाना हातात घेण्यापूर्वीच सांगतो. हे ज्ञान खरे आहे आणि ते मिळवायला दहा-पंधरा वर्षे लागतात. इंजिनच गेले तर या कानाचे करायचे काय, हा प्रश्न पोटाचा आहे आणि मानाचाही.

पण आरोग्याचा विचार करणाऱ्याला याच गॅरेजची दुसरी बाजूही मांडावी लागते. गाडीच्या प्रेमाची सर्वांत मोठी किंमत गाडीच्या मालकाने नव्हे, तिच्याखाली आडवे झालेल्या माणसाने मोजली आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने जून २०१२ मध्ये डिझेलच्या धुराला माणसात कर्करोग घडवणाऱ्या घटकांच्या पहिल्या गटात टाकले. त्याच गटात तंबाखू आहे, ॲस्बेस्टॉस आहे. रस्त्यावरून जाणारा हा धूर काही क्षण घेतो. गॅरेजमधला पोऱ्या दिवसभर घेतो. हिवाळ्यात शटर अर्धे ओढून आत इंजिन चालू ठेवले तर आणखी एक पाहुणा येतो, कार्बन मोनॉक्साइड. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. डोके जड होणे, मळमळ, सुस्ती यांना आपण थकवा समजतो, आणि इथेच घात होतो.

हात धुण्याची पद्धत तर घराघरातल्या लोकांनी पाहिलेली आहे. ग्रीसने माखलेले हात बाटलीतल्या पेट्रोलने चोळायचे, मग साबण. पेट्रोलमध्ये बेंझिन असते. भारत स्टेज सहा मानकांनुसार त्याचे प्रमाण एक टक्क्यापर्यंतच ठेवावे लागते, तरी वर्षानुवर्षे रोज चार वेळा कातडीवर चोळले जाणारे एक टक्का क्षुल्लक नसते. बेंझिन अस्थिमज्जेवर, म्हणजे रक्त जिथे तयार होते तिथे, परिणाम करते आणि रक्ताच्या कर्करोगाशी त्याचा संबंध सिद्ध झालेला आहे. जुन्या काळ्या इंजिन ऑइलचेही तसेच. कातडीला त्याचा रोजचा लेप बरा नव्हे. नळी तोंडात धरून टाकीतले पेट्रोल ओढण्याची सवय त्याहून वाईट. घोट पोटात गेला तर माणूस घाबरतो, पण खरा धोका तो श्वासनलिकेत उतरण्याचा आहे. थेंबभर पेट्रोल फुप्फुसात गेले तरी तीव्र दाह होतो. अशा वेळी मीठपाणी पाजून उलटी करवणे हा उपाय नाही. उलटीबरोबर पेट्रोल पुन्हा श्वासनलिकेत जाऊ शकते. सरळ दवाखाना गाठावा. हाताने दाबायचा साधा पंप स्वस्तात मिळतो, तो प्रत्येक गॅरेजमध्ये असायला काय हरकत आहे?

आवाजाचे प्रेम हा वेगळा विषय. १९८५ ते १९९६ या काळात भारतात बनलेली यामाहा आरएक्स १०० आजही तरुणांना वेड लावते, ते तिच्या आवाजासाठी. ती टू-स्ट्रोक गाडी. अशा इंजिनात ऑइल पेट्रोलसोबतच जळते आणि ताज्या पेट्रोलचा काही भाग न जळताच सायलेन्सरमधून बाहेर पडतो. म्हणजे त्या गोड आवाजाबरोबर न जळलेले इंधन मागच्याच्या नाकात जाते. तिच्या चाहत्यांनी ती जपावी, पुसावी, कधीमधी काढावी. रोज गावभर फिरवू नये. मूळ सायलेन्सर काढून फटाके फोडणारा सायलेन्सर बसवण्याचे तर समर्थनच होऊ शकत नाही. राज्यातल्या अनेक शहरांत पोलिसांनी असे सायलेन्सर रोडरोलरखाली चिरडले, तरी मंडईच्या दिवसांत ते पुन्हा उगवतात. आठ तास ८५ डेसिबल ही कानाची साधारण सहनमर्यादा मानतात आणि दर तीन डेसिबलमागे सुरक्षित वेळ निम्मी होते. आतल्या कानातल्या केसांसारख्या सूक्ष्म पेशी एकदा मेल्या की माणसात पुन्हा उगवत नाहीत. मिस्त्रीचा कान हे त्याचे हत्यार म्हणायचे, आणि तोच कान रोज या आवाजासमोर धरायचा, हे विचित्रच आहे.

तेव्हा हौसेतला धूर आणि गोंगाट वजा करावा लागेल, त्यावर वाद नको. उरते ती समज: गाडी कशी चालते, का बिघडते, कशी सुधारते. ती विजेच्या गाडीत चालते का? चालते, आणि गोंदियात तर ती कुणी समजतो त्यापेक्षा लवकर रुजू शकते. कारण इथे विजेची मोटार नवीन नाही. धानाच्या बांधीला पाणी देणारे कृषिपंप आहेत, राईस मिल आहेत, आणि म्हणून बाजाराच्या प्रत्येक गावात मोटार वाइंडिंगचे एखादे दुकान आहे. लाइनच्या शेवटच्या टोकाला व्होल्टेज पडते, तीनपैकी एक फेज जातो, मोटार जळते. वाइंडिंगवाला जळालेली तार काढतो, वेटोळी मोजतो, नवी भरतो, वार्निश देतो आणि मेगर लावून तपासतो. हा माणूस विद्युत मोटारीचा वैद्यच आहे. टेस्ला कंपनीच्या सुरुवातीच्या मोटारींत जी इंडक्शन मोटर होती, तिचे तत्त्व बांधीवरच्या पंपाच्या मोटारीचेच. आता बहुतेक गाड्यांत फिरत्या भागात कायमचे चुंबक बसवतात आणि बॅटरीच्या एकदिश प्रवाहापासून हवी तशी वीज घडवणारा कंट्रोलर पुढे असतो. तेवढा भाग नव्याने शिकायचा. मात्र गॅरेजवाला आणि वाइंडिंगवाला आजवर एकाच चौकात बसूनही एकमेकांच्या कामात डोकावले नाहीत. पुढचा मिस्त्री या दोघांच्या मधल्या भिंतीतून बाहेर येईल असे वाटते.

इतिहासही गंमतीचा आहे. मोटारीने ताशी १०० किलोमीटरचा वेग प्रथम ओलांडला तो २९ एप्रिल १८९९ रोजी, आणि ती गाडी विजेवरची होती. बेल्जियमच्या कामिय जेनात्झी याने ती फ्रान्समध्ये चालवली. त्या काळी अमेरिकेतल्या मोटारींपैकी सुमारे एक तृतीयांश बॅटरीवर चालत. पेट्रोलच्या गाडीला पुढून हँडल मारावे लागे आणि उलटा झटका बसून हात मोडत. १९१२ मध्ये कॅडिलॅकने विजेचा स्टार्टर बसवला, हँडलची भीती गेली आणि पेट्रोलच्या गाडीने बाजी मारली. पेट्रोलला जिंकून दिले ते एका छोट्या विद्युत मोटारीने.

चालवण्याच्या आनंदाचेही थोडे गणित पाहू. पेट्रोल इंजिनला जोर येण्यासाठी फेरे वाढावे लागतात, म्हणून क्लच, म्हणून गिअर. विद्युत मोटर उभ्या जागेवरूनच पूर्ण जोर देते. सिग्नल सुटताच विजेची साधी गाडीही पाठीला सीट चिकटवते, ते यामुळे. जानेवारी २०२० मध्ये आलेल्या, पुण्याजवळ रांजणगावला बनणाऱ्या पहिल्या नेक्सॉन ईव्हीची बॅटरी सुमारे ३० युनिट विजेची होती. तेवढी ऊर्जा साडेतीन लिटर पेट्रोलमध्येही मिळते. त्या ऊर्जेवर ती गाडी प्रत्यक्षात दोनशे किलोमीटरच्या आसपास जाई, म्हणजे गोंदियाहून नागपूर गाठण्याइतके. पेट्रोलच्या गाडीत पाऊण ऊर्जा उष्णता होऊन निघून जाते. इथे ती चाकापर्यंत पोहोचते. यंत्रावर प्रेम करणाऱ्याला याहून देखणी गोष्ट कोणती दाखवावी?

धूर गेला म्हणजे सगळा गेला, असे मात्र नाही, आणि हे गोंदियाला कुणी शिकवण्याची गरज नाही. तिरोड्याचा ३,३०० मेगावॅटचा औष्णिक प्रकल्प कोळशावर चालतो. देशाच्या ग्रिडमधील एका युनिटमागे सरासरी ०.७ किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. लहान विजेची मोटार किलोमीटरला साधारण १५० ग्रॅमपर्यंतचा पेट्रोल-गाडीचा भार ११० ते १२५ ग्रॅमवर आणते. बॅटरी बनवताना झालेले प्रदूषण त्यात धरले तर पहिली काही वर्षे फरक थोडाच उरतो. ग्रिडमध्ये सौरवीज वाढेल तसा तो वाढेल. गोरेलाल चौकातल्या दुकानदाराच्या छातीला मात्र फरक लगेच कळेल, कारण धूर त्याच्या नाकासमोरून हटून उंच चिमणीकडे गेलेला असतो. चिमणीभोवतीच्या गावांचे काय, हा प्रश्न तिथेच राहतो. टायर आणि रस्त्याची धूळही राहते. जड बॅटरीमुळे टायर थोडे जास्तच झिजतात. ब्रेकची झीज कमी होते, कारण वेग कमी करताना मोटर उलटे काम करून वीज परत बॅटरीत भरते.

आपल्याकडे विजेची गाडी आली ती हौसेची मोटार म्हणून नव्हे, ई-रिक्षा म्हणून. स्टेशनच्या बाहेर त्यांची रांग असते. यांतल्या पुष्कळ रिक्षांत अजून चार शिसे-आम्ल बॅटऱ्या असतात, आणि त्यांत मिळून पन्नास-साठ किलो शिसे. त्या साधारण वर्ष-दीड वर्षात थकतात. त्या अधिकृत पुनर्चक्रणाकडे गेल्या तर शिसे पुन्हा वापरात येते. भंगारात फोडल्या आणि उघड्यावर वितळवल्या तर ते माती, कपडे आणि घरातल्या मुलांपर्यंत जाते. मुलांच्या मेंदूसाठी शिशाची कोणतीही मात्रा सुरक्षित मानलेली नाही. बॅटरी कचऱ्याचे नवे नियम ऑगस्ट २०२२ मध्ये आले आणि जुन्या बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी उत्पादकावर टाकली गेली. ती साखळी भंगाराच्या हातगाडीपर्यंत पोहोचते की नाही, हे नगर परिषदेने आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाने डोळ्यांनी पाहायला हवे. आणखी एक गोष्ट घरच्यांसाठी. या बॅटऱ्या चार्ज होताना हायड्रोजन सोडतात. झोपायच्या खोलीत, बंद दाराआड त्या लावू नयेत. आम्ल डोळ्यात उडाले तर वाहत्या स्वच्छ पाण्याने किमान पंधरा मिनिटे डोळा धुवावा, मग दवाखाना.

लिथियमचा स्वभाव वेगळा. त्याला आपला मे महिना आवडत नाही. पारा ४४-४५ वर जातो तेव्हा उन्हात उभ्या गाडीची बॅटरी त्याहून तापते, आणि तापलेल्या बॅटरीत झिजवणाऱ्या रासायनिक क्रिया झपाट्याने वाढतात. २०२२ च्या उन्हाळ्यात देशभर स्कूटर जळाल्याच्या घटना घडल्या, त्यानंतर बॅटरीच्या सुरक्षेचे नियम कडक झाले. दुपारी लांबून आल्याबरोबर प्लग लावू नये, गाडी सावलीत अर्धा-पाऊण तास निवू द्यावी, जिन्याखाली किंवा बाहेर पडायच्या एकमेव दारात चार्जिंग करू नये. एवढे पाळले तरी बरेच साधते. शेजारच्या नागपूरचा अनुभवही विसरू नये. मे २०१७ मध्ये ओला आणि महिंद्र यांनी तिथे विजेच्या दोनशे गाड्यांचा प्रयोग गाजावाजात सुरू केला. वर्षभरात अनेक चालक चार्जिंगच्या रांगांना कंटाळून पेट्रोल-डिझेलकडे परतले. गाडीत खोट नव्हती असे नाही, पण रांगेत गेलेले तास म्हणजे बुडालेली कमाई, हा हिशेब आधी कुणी मांडला नव्हता. समृद्धी महामार्ग गोंदियापर्यंत वाढवण्याचा बेत आहे. तो होईल तेव्हा चार्जरही रस्त्याबरोबरच यावेत.

शांत गाडीचा एक धोका बाजारात रोज दिसतो: मागून येणारी ई-रिक्षा म्हाताऱ्या माणसाला ऐकूच येत नाही. युरोपात २०१९ पासून नव्या विजेच्या मोटारींना कमी वेगात मुद्दाम आवाज करणारे यंत्र बसवावे लागते. आता गाड्यांसाठी आवाज रचले जातात. महिंद्रच्या २०२४ च्या विजेच्या मोटारींसाठी ते काम ए. आर. रहमान यांनी केले. आवाजाच्या शौकिनांना यात समाधान आहे की नाही, ते त्यांनीच सांगावे.

सर्वांत मोठी काळजी पुन्हा मिस्त्रीचीच. पेट्रोलची टाकी रिकामी करता येते, बॅटरी नाही. गाडी बंद असली तरी बॅटरी जिवंत असते. एकदिश प्रवाहात ६० व्होल्टच्या वर धोका धरतात आणि विजेच्या मोटारीत ३०० ते ४०० व्होल्ट असतात. नारिंगी वायर म्हणजे हीच वीज. सर्व्हिस प्लग काढल्यावरही आतले कपॅसिटर रिकामे व्हायला काही मिनिटे द्यावी लागतात, हातात विजेसाठीचे खास रबरी मोजे लागतात, अंगठी-कडे काढून ठेवावे लागते. ४८ व्होल्टच्या रिक्षातही दोन टोकांवर पाना पडला तर तो लाल होतो आणि हात भाजतो. जी मुले आजवर बघून-बघून शिकली, त्यांना या कामात बघून-बघून शिकू देणे म्हणजे जिवाशी खेळ. पहिली चूक इथे शेवटची ठरू शकते. उलट कंपन्यांनी सगळे काम आपल्या शोरूमपुरते बंद ठेवले, तर वॉरंटी संपलेली गाडी देवरीहून नागपूरला ट्रकवर न्यावी लागेल, आणि गावातला मिस्त्री फक्त पंक्चर काढायला उरेल. दुरुस्तीचे सुटे भाग, नकाशे आणि तपासणीची यंत्रे स्थानिक गॅरेजला मिळाली पाहिजेत. ही मागणी ग्राहकाच्या सोयीची आहेच, सुरक्षेचीही आहे. माहिती दडवली की माणसे अंदाजाने हात घालतात.

जुन्या गाड्यांना याने धोका नाही. पन्नास वर्षांवरच्या मोटारींसाठी केंद्राने जुलै २०२१ मध्ये वेगळ्या नोंदणीची सोय केली; त्या रोजच्या वापराला नाहीत, पण प्रदर्शनाला आणि रॅलीला काढता येतात. चेतक जानेवारी २०२० मध्ये बॅटरीवर परत आली, लुना फेब्रुवारी २०२४ मध्ये. नावे तीच, पण कलती करून किक मारायची गरज संपली.

औद्योगिक प्रशिक्षण संस्थांच्या अभ्यासक्रमांत आता विद्युत वाहन मेकॅनिकचा दोन वर्षांचा ट्रेड आहे. नव्या मुलांसाठी तो ठीक. पण पस्तिशी-चाळिशीतला, दुकान चालवणारा मिस्त्री दोन वर्षे वर्गात बसणार नाही. त्याच्यासाठी संध्याकाळचे काही आठवड्यांचे वर्ग हवेत, तेही वाइंडिंगवाल्याला शेजारी बसवून, आणि शेवटी मोज्यांची जोडी व चांगला मल्टिमीटर हातात देऊन. जिल्हा नियोजनाच्या निधीत एवढे बसायला हरकत नसावी. दहावीच्या निकालानंतर प्रवेशप्रक्रिया सुरू होते. हा ट्रेड आपल्या तालुक्याच्या संस्थेत आहे का, नसेल तर केव्हा येणार, आणि गॅरेजवाल्यांचे संध्याकाळचे वर्ग कोण घेणार, हे प्राचार्यांना आणि लोकप्रतिनिधींना तेव्हाच विचारावे. प्रवेश बंद झाल्यावर वर्ष वाया जाते.